चालू रुग्णालयाचे नूतनीकरण करताना भूकंपासाठी मजबुतीकरण कसे करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तळमजला आणि वर तीन मजले असलेले, पस्तीसेक वर्षांचे आरसीसी रुग्णालय. तळमजल्यावरच्या ओपीडीच्या भिंती काढून मोकळा आपत्कालीन विभाग करायचा आहे, शेजारी एमआरआय येणार आहे, दुसऱ्या मजल्यावर नव्या ओटी (शस्त्रक्रियागृहे), गच्चीवर वातानुकूलनाचे चिलर, आणि जमलेच तर आणखी एक मजला. आर्किटेक्टचे नकाशे पक्के झाले आहेत, आता भूकंपाच्या दृष्टीने इमारत मजबूत करून हवी आहे. रुग्णालय बंद ठेवता येणार नाही. हे शक्य आहे का आणि कोणत्या क्रमाने करावे?

शक्य आहे. पण हा प्रश्न नकाशे पक्के होण्याआधी यायला हवा होता, आणि ते नकाशे पुन्हा उघडायची तयारी ठेवा. नव्या शिअर वॉल (भूकंपाचे आडवे बल पेलणाऱ्या सलग आरसीसी भिंती) कुठे उभ्या राहणार यावर खोल्यांची मांडणी ठरते. मांडणी आधी ठरली की भिंतीच्या जागी दार, डक्ट किंवा लिफ्टची लॉबी आलेली असते आणि मग "जरा सरकवा", "एवढा एक मजला सोडा" अशा तडजोडी सुरू होतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे: नूतनीकरणच इमारतीला दुबळे करते. तुमची यादी पुन्हा वाचा. भिंती काढणे, तळाशी जड यंत्र, ओटीच्या पाइपांसाठी भोके, गच्चीवर वजन, वाढीव मजला. यातली एकही गोष्ट इमारतीच्या बाजूची नाही. म्हणून मजबुतीकरण आणि नूतनीकरण हे एकच डिझाइन समजून, एकाच टेबलावर करायला हवे.

आधी लक्ष्य ठरवा

राहत्या इमारतीत माणसे जिवंत बाहेर पडली की डिझाइन यशस्वी मानतात. रुग्णालयात मात्र भूकंपानंतर तासाभरात जखमी आत येऊ लागतात. तेव्हा लक्ष्य "तत्काळ वापर" या पातळीचे हवे: नेहमीच्या डिझाइनच्या हादऱ्यानंतर रुग्णालय चालू, आणि सर्वांत मोठ्या अपेक्षित हादऱ्यातही जीवितहानी नाही. जुन्या इमारतींसाठी काही मानकांत बल कमी धरण्याची सवलत असते. रुग्णालयासाठी ती घेऊ नका.

कॅलिफोर्नियातल्या सिल्मारच्या ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाची हकिगत या विषयात सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. ९ फेब्रुवारी १९७१ च्या भूकंपाच्या वेळी ती इमारत जेमतेम काही महिन्यांची होती. वरच्या मजल्यांवर शिअर वॉल होत्या, पण त्या खालपर्यंत आणलेल्या नव्हत्या. खालचे मजले कॉलमवर उभे होते, त्यामुळे सगळी विकृती, म्हणजे सगळे वाकणे-झुकणे, तिथेच साठले आणि इमारत कायमची कलली. एकाच मजल्यावर, सारख्याच हालचालीत, जवळजवळ वळसे असलेल्या स्पायरल रिंगांचे (उभ्या सळयांभोवतीच्या आडव्या वेढ्यांचे) कॉलम वाकूनही भार धरून राहिले, आणि लांब अंतरावर साध्या रिंगा असलेल्या कोपऱ्यातल्या कॉलमचे काँक्रीट भुगा होऊन गळून पडले. इमारत पाडून नवी, अतिशय ताठ बांधली. १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात तिच्या छतावर गुरुत्वाच्या २.३१ पट त्वरण नोंदले गेले आणि सांगाड्याला जवळजवळ काही झाले नाही. तरीही स्प्रिंकलरचे आणि पाण्याचे पाइप फुटले, मजल्यांवर पाणी साचले आणि रुग्ण हलवावे लागले. सांगाडा वाचला, पण रुग्णालय त्या दिवशी बंद पडले. त्याच भूकंपात लॉस एंजेलिसमधले बेस आयसोलेशनवर, म्हणजे पायाशी बसवलेल्या लवचीक बेअरिंगवर, उभे असलेले विद्यापीठाचे रुग्णालय चालू राहिले. तिथे छतावरचे त्वरण ०.२१ पटच होते. ऑलिव्ह व्ह्यूच्या पहिल्या इमारतीने कॉलमचे आणि दुसरीने पाइपांचे महत्त्व शिकवले. तुमच्या कामात दोन्हींसाठी पैसे बाजूला काढलेले असले पाहिजेत.

इमारत खरोखर कशी आहे

जुने नकाशे मिळाले तर उत्तम, पण त्यांवर विसंबू नका. रिबाउंड हॅमरने (पृष्ठभागावर आपटून उसळी मोजणाऱ्या यंत्राने) आठ-दहा ठिकाणी टकटक करून "एम-२० आहे" असे काँक्रीटच्या प्रतीबद्दल लिहिलेला अहवाल निरुपयोगी असतो. पृष्ठभाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कार्बोनेट होऊन कडक झाला की हॅमर जास्तच आकडा दाखवतो. हॅमर आणि अल्ट्रासॉनिक वेग यांचा उपयोग बरे आणि वाईट भाग वेगळे करण्यापुरता. ताकद कोअरवरूनच, म्हणजे कापून काढलेल्या काँक्रीटच्या दंडगोल नमुन्यांवरूनच, ठरवावी. प्रत्येक मजल्यावर, कॉलम आणि बीम वेगवेगळे धरून, प्रत्येक गटाचे किमान तीन कोअर. व्यास खडीच्या सर्वांत मोठ्या आकाराच्या तिप्पट तरी हवा. कोअर काढण्याआधी सळई शोधक यंत्राने सळया आखून घ्या. मुख्य सळई कापून काढलेला कोअर म्हणजे तपासणीच्या नावाने केलेले नुकसान.

सर्वांत मोलाची माहिती मात्र छिन्नीने मिळते. कॉलमच्या तळाशी, फरशीपासून ६०० मिमी उंचीपर्यंत एका बाजूचे कव्हर (सळयांवरचा काँक्रीटचा थर) काढा आणि पाहा: रिंगा किती मिमीच्या, किती अंतरावर, आणि त्यांचे हूक कसे वळवले आहेत. त्या काळच्या इमारतींत साधारणपणे ६ मिमीच्या रिंगा २०० ते ३०० मिमीवर सापडतात आणि हूक ९० अंशांवर वळवलेले असतात. कव्हर उडाले की असा हूक उघडतो आणि रिंग नावापुरती उरते. १३५ अंशांचा हूक गाभ्यात रुतलेला असतो, म्हणून तो धरून ठेवतो. तिथेच लॅप (दोन सळया शेजारी ठेवून केलेला जोड) किती लांब आहे तेही मोजा. जुन्या कामात सगळ्या सळयांचे लॅप नेमके फरशीच्या वर, म्हणजे सर्वाधिक ताण येतो तिथे, आखूड दिलेले असतात. एका बीम-कॉलम सांध्याचा कोपराही उघडून पाहा. सांध्याच्या आत बहुधा एकही रिंग नसते.

उघडलेल्या ठिकाणी फिनॉल्फ्थेलिन फवारा: जिथे गुलाबी रंग येत नाही तिथवर कार्बोनेशन पोहोचले आहे. ते सळईपर्यंत गेले असेल तर आधी गंजाचा बंदोबस्त करा. गंजलेल्या कॉलमवर जॅकेट (नव्या सळया-काँक्रीटचे वेष्टन) चढवले तर आत गंज चालूच राहतो. हाफ-सेलचे (सळईचा विद्युत विभव मोजणाऱ्या चाचणीचे) वाचन उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण असेल तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात. ओटी, डायलिसिस आणि शौचालयांच्या खालचे स्लॅब आधी तपासा, पाणी तिथेच मुरलेले असते. सळया थंड पिळाच्या (थंड असताना पिळून मजबूत केलेल्या) निघाल्या तर त्यांच्यावर वेल्डिंगचा तपशील देऊ नका.

मातीची चाचणी नव्याने करा. जुन्या अहवालात उभ्या भारापुरते लिहिलेले असते; तुम्हाला द्रवीकरणाची (हादऱ्यात ओली माती पातळ होण्याची) शक्यता, मातीचा वर्ग आणि मायक्रोपाइल (जमिनीत खोल रोवलेला बारीक खांब) ताणात किती धरेल हे हवे असते. दोन-तीन फुटिंग उकरून त्यांचा आकार आणि खोली प्रत्यक्ष मोजा.

एक हिशेब, ज्यावर सगळे अडते

समजा प्रत्येक मजला ९०० चौरस मीटर, उंची ३.५ मीटर, एकूण १४ मीटर. भूकंपाच्या हिशेबात धरायचे वजन सुमारे ४००० टन. भारतीय मानकाच्या पद्धतीने क्षेत्र गुणांक ०.२४, महत्त्व गुणांक १.५, जुन्या, लवचीक तपशील नसलेल्या फ्रेमसाठी प्रतिसाद गुणांक ३ आणि वर्णपटाचा आकडा २.५ घेतला तर आडव्या बलाचा गुणांक ०.१५ येतो. म्हणजे तळाशी ६०० टन आडवे बल. एका दिशेला चार शिअर वॉल दिल्या तर प्रत्येकीला १५० टन. २५० मिमी जाडीच्या ४ मीटर भिंतीला हे बल कातरात पेलणे फारसे अवघड नाही, आणि इथेच बरेच जण थांबतात.

अडचण उलथण्यात आहे. हे बल जमिनीपासून साधारण ११ मीटरवर एकवटते असे धरू. १५० गुणिले ११ म्हणजे १६५० टन-मीटर. भिंतीवर आणि तिच्या टोकांच्या कॉलमवर मिळून २५० टन उभा भार असेल, तर ४ मीटर लांबीच्या भिंतीला काठाभोवती मिळणारा विरोध २५० गुणिले २, म्हणजे फक्त ५०० टन-मीटर. भिंत तिसऱ्या हिश्श्यालाही पुरी पडत नाही; ती मुळासकट एका बाजूने उचलली जाणार. तीच भिंत दोन कॉलमांमधला ८ मीटरचा पूर्ण गाळा भरून घेतली आणि ४०० टन भार तिच्यावर आला, तर विरोध १६०० टन-मीटरवर जातो. हिशेब जवळ येतो, पण काठाची माती चेंगरू नये म्हणून फुटिंग दोन्ही टोकांबाहेर काढावेच लागते. नाही तर पायाचा जाड बीम शेजारच्या कॉलमांखाली न्यावा लागतो, किंवा ताण घेणारे मायक्रोपाइल लागतात. मायक्रोपाइलचे यंत्र कमी उंचीच्या तळघरातही मावते, म्हणून रुग्णालयात त्याला माझी पसंती असते.

म्हणून आर्किटेक्टला पहिल्या बैठकीत एवढेच विचारा: पायापासून गच्चीपर्यंत, एकाच उभ्या रेषेत, पूर्ण गाळा रुंदीच्या भिंती कोणत्या आठ ठिकाणी देता येतील? दोन्ही दिशांना चार-चार, शक्यतो बाहेरच्या कडेला. कडेला दिल्या की इमारतीचा पीळ आवरतो आणि बरेचसे काम बाहेरून, परांचीवरून करता येते. एका दिशेला किंवा एकाच पंखात "यंदाच्या बजेटपुरत्या" भिंती दिल्या तर ताठपणाचा केंद्रबिंदू तिकडे ओढला जातो आणि उरलेली बाजू आधीपेक्षा जास्त झोके खाते. अर्धवट मजबुतीकरण निरुपद्रवी असते हा समज घातक आहे.

भिंतीपर्यंत बल आणतो स्लॅब. भिंतीला लागूनच डक्टचा किंवा जिन्याचा मोठा चौकोन असेल तर स्लॅब आणि भिंत यांचा संबंध तुटतो, मग भिंत कितीही चांगली असो, ती उभी राहून बघत बसते. अशा ठिकाणी स्लॅबखाली कलेक्टर बीम किंवा पोलादी पट्टी देऊन बल ओढून आणावे लागते. हे नकाशात दिसत नाही म्हणून वगळले जाते.

जोडणी: काम इथे फसते

नव्या भिंतीचे जुन्या बीम-कॉलमशी नाते केमिकलने बसवलेल्या डॉवेल सळयांवर (जुन्या काँक्रीटमध्ये रोवलेल्या जोड-सळयांवर) असते. १६ मिमीची सळई, २० मिमीचे भोक, खोली सळईच्या व्यासाच्या दहा ते पंधरा पट, म्हणजे १६० ते २४० मिमी. नेमका आकडा त्या रसायनाच्या मंजूर तक्त्यातून घ्यावा. डॉवेल निसटण्याचे नेहमीचे कारण भोकातली धूळ. हवेने फुंकणे, तारेच्या ब्रशने घासणे, पुन्हा फुंकणे, हा क्रम दोनदा तरी व्हायला हवा. रसायन भोकाच्या तळापासून भरत यावे, तोंडाशी ओतून सळई ठोसू नये, नाही तर मागे हवेची पोकळी राहते. आवाज टाळण्यासाठी रुग्णालयात डायमंड कोअरने भोक पाडायची सूचना हमखास येते. त्याने आवाज कमी होतो, पण भोक आतून काचेसारखे गुळगुळीत होते आणि पकड घटते. तसे करायचे तर डायमंड भोकासाठी मंजूर असलेलेच रसायन घ्या किंवा भोक आतून खरवडून घ्या. रोजच्या कामातल्या काही डॉवेलची ओढून चाचणी घ्या, आणि त्या कोणत्या ते कंत्राटदाराला आधी सांगू नका.

भिंतीचे काँक्रीट वरच्या बीमच्या पोटाला कधीच नीट टेकत नाही; ते बसते आणि केसभर फट राहते. म्हणून वरची ५० ते ७५ मिमी जागा मोकळी ठेवून काही दिवसांनी न आकसणाऱ्या ग्राउटने दाबून भरा.

कॉलम जॅकेटिंगबद्दल मी जरा हट्टी आहे. ते भिंतींना पूरक म्हणून करावे. सगळी इमारत केवळ जॅकेटवर सोडली तर प्रत्येक मजल्यावरचा प्रत्येक कॉलम उघडावा लागतो आणि चालू रुग्णालयात ते वर्षानुवर्षे संपत नाही. आरसीसी जॅकेट किमान १०० मिमीचे. म्हणजे ३०० बाय ४५० चा कॉलम ५०० बाय ६५० होतो. स्ट्रेचर वळते त्या ठिकाणी कॉरिडॉर आधी मोजा. जुना पृष्ठभाग ५-६ मिमी खोल खडबडीत करायचा, नव्या काँक्रीटची ताकद जुन्यापेक्षा किमान ५ एमपीए जास्त, रिंगा ८ मिमीच्या, टोकांकडे १०० मिमीवर, हूक १३५ अंशांचे. उभ्या सळया स्लॅबमधून आरपार वर गेल्याच पाहिजेत. स्लॅबखाली संपवलेले जॅकेट फक्त त्या मजल्यापुरता कॉलम जाड करते आणि सांधा होता तितकाच कमजोर राहतो.

कार्बन फायबरचे वेष्टन पातळ, झटपट आणि कमी धुळीचे, म्हणून रुग्णालयांना आवडते. त्याने कॉलमची कातर ताकद आणि गाभ्याला मिळणारी आवळ वाढते. ताठपणा मात्र वाढत नाही. इमारत जास्त झुलत असेल तर ती तितकीच झुलेल. कोपरे किमान २५ मिमी त्रिज्येने गोल करावे लागतात, नाही तर धाग्यांवर तिथेच चिरा जातात. इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागते, म्हणून आगीत वेष्टन गेले असे समजून कॉलम रोजचा भार पेलतो का ते तपासा.

पोलादी ब्रेसिंग बाहेरच्या बाजूने झपाट्याने उभे करता येते, पण जुन्या दुबळ्या काँक्रीटला त्याचे सांधे पकडवणे हेच त्यातले खरे डिझाइन. डॅम्पर (हालचालीची ऊर्जा शोषणारे साधन) लवचीक इमारतीला उपयोगी. ताठ इमारत हलतच नसेल तर डॅम्परला काम उरत नाही. बेस आयसोलेशनमुळे मजल्यांवरची त्वरणे घटतात, म्हणून आतली यंत्रे वाचतात, आणि जुन्या इमारतीखालीही ते घालता येते: कॉलम एकेक करून जॅकवर घ्यायचे, कापायचे आणि मधे बेअरिंग बसवायचे. मात्र भोवती काही शे मिमीचा मोकळा खंदक लागतो, प्रत्येक पाइप आणि केबल तिथे लवचीक करावी लागते, आणि जमीन मऊ असेल तर लाटांचा कालावधी इमारतीच्या नव्या कालावधीशी जुळण्याचा धोका असतो. तळघर नसलेल्या तुमच्या इमारतीत मी हा मार्ग शेवटी ठेवीन.

भिंती काढणे आणि भिंती घालणे

तळमजल्यावरच्या विटांच्या भिंती हिशेबात नसल्या तरी भूकंपात त्या काम करतात. त्या काढून वर वॉर्डच्या भिंती तशाच ठेवल्या की तळमजला मऊ पडतो. ऑलिव्ह व्ह्यूची पहिली इमारत अशाच मऊ मजल्यांमुळे कलली. मोकळा आपत्कालीन विभाग हवाच असेल तर काढलेल्या भिंतींच्या बदल्यात तितकाच ताठपणा शिअर वॉलने त्याच मजल्यावर परत द्या, आणि भिंती पाडण्याच्या आधी द्या.

उलट चूक म्हणजे अर्धी भिंत. प्रयोगशाळेत किंवा शौचालयात २.१ मीटर उंचीची वीटभिंत कॉलमला चिकटवून वर खिडकी ठेवली की ३ मीटरच्या कॉलमचा फक्त ०.९ मीटर भाग मोकळा राहतो. ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, म्हणजे सुमारे ३७ पट. सगळे बल तो आखूड कॉलम ओढून घेतो आणि तिरप्या तड्यांनी फुटतो. उपाय सोपा आहे: कॉलम आणि भिंत यांच्यात २५ मिमीची फट, तिच्यात मऊ फिलर, आणि भिंत आडवी पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना पोलादी अँगल.

नव्या ओटीसाठी येणाऱ्या पाइपांची भोके प्लंबर पाडतो आणि इंजिनिअरला नंतर कळते. कॉलमच्या कडेपासून बीमच्या उंचीच्या दुप्पट अंतरात एकही भोक नको. त्यापुढे पाडायचे तर बीमच्या उंचीच्या मधल्या तिसऱ्या भागात आणि सळया शोधून. प्रत्येक भोकावर इंजिनिअरची सही हा नियम कंत्राटात लिहा.

एमआरआयचे चुंबक काही टनांचे असते आणि त्याला आणण्याचा मार्गही तपासावा लागतो, कारण वाटेतल्या स्लॅबवर तेच वजन एका ट्रॉलीच्या चाकांवर येते. शिवाय चुंबकाजवळचे लोखंड त्याचे क्षेत्र बिघडवते. तुमची नवी शिअर वॉल किंवा ब्रेस एमआरआयच्या खोलीला लागून येत असेल तर तिच्यातल्या पोलादाचे वजन आणि जागा पुरवठादाराला डिझाइनच्या टप्प्यावरच कळवा. एक्स-रे कक्षाचे शिशाचे पडदेही हलके नसतात: २ मिमी शिसे म्हणजे चौरस मीटरला जवळपास २३ किलो, आणि ते धरणारी पातळ चौकट वरच्या स्लॅबला बांधलेली हवी.

छताच्या वरचे आणि भिंतीला टेकलेले

नूतनीकरणात फॉल्स सीलिंग उघडे असते, त्यामुळे पाइप बांधण्याची ही सर्वांत स्वस्त वेळ आहे. सीलिंग बंद झाल्यावर तेच काम वॉर्ड रिकामा करून करावे लागते. मोठ्या पाइपांना आडवे ब्रेस साधारण १२ मीटरवर, लांबीच्या दिशेचे २४ मीटरवर. स्प्रिंकलरचे तोंड सीलिंगच्या टाइलमधून घट्ट बाहेर आलेले असेल तर टाइल हलली की ते मोडते. भोवती २५ मिमी मोकळीक किंवा लवचीक नळी द्या. दोन पंखांमधला सांधा ओलांडणाऱ्या प्रत्येक नळीला, ऑक्सिजनसकट, लवचीक वळसा हवा. ऑक्सिजनचे सिलिंडर दोन उंचींवर साखळीने बांधा. एकाच साखळीतून ते खालून सरकून निसटतात.

यंत्रे बांधण्याचा एक नमुना पाहू. १.२ टनाचे, १.८ मीटर उंच यंत्र, बोल्टमधले अंतर ०.७ मीटर, मजल्यावर एक पट त्वरण धरू. उलथवणारे आघूर्ण (बल गुणिले अंतर) १.२ गुणिले ०.९ म्हणजे १.०८ टन-मीटर, रोखणारे १.२ गुणिले ०.३५ म्हणजे ०.४२. उरलेले ०.६६ भागिले ०.७, म्हणजे दोन बोल्टवर मिळून ०.९४ टन ओढ. एकावर अर्ध्या टनाच्या आत. चार चांगले १२ मिमीचे, तडा गेलेल्या काँक्रीटसाठी मंजूर अँकर एवढे सहज पेलतात. इतक्या थोड्या कामावाचून जनरेटर आणि बॅटरी रॅक आडवे होतात. आणि एक बारकावा: यंत्र ज्या ओट्यावर बोल्ट केले आहे तो १०० मिमीचा ओटा बहुतेक वेळा स्लॅबवर नुसता ओतलेला असतो. बोल्ट धरतात, ओटा यंत्रासकट सरकतो. ओट्यालाही स्लॅबमध्ये डॉवेल द्या. जनरेटर स्प्रिंगवर असेल तर भोवती रोधक लावा, नाही तर तो स्प्रिंगवरून उडी मारतो.

रुग्णालय चालू ठेवून

कामाचे टप्पे मजल्यांनुसार न पाडता उभ्या पट्ट्यांनुसार पाडा. एक शिअर वॉल पायापासून गच्चीपर्यंत पूर्ण झाली की तो पट्टा संपला, मग पुढचा, आणि दर टप्प्यात समोरासमोरच्या भिंती घ्या. काम नेहमी पायापासून वर. मधल्या अवस्थेतली इमारत, म्हणजे स्लॅब कापला आहे पण भिंत झालेली नाही अशी, स्वतंत्रपणे तपासा. टेकूंचे नकाशे डिझाइनरने द्यायचे.

धुळीला कमी लेखू नका. जुन्या सीलिंगवरच्या धुळीत ॲस्परजिलस या बुरशीचे बीजाणू असतात आणि केमोथेरपीच्या किंवा प्रत्यारोपणाच्या रुग्णाला ते जीवघेणे ठरतात. आडोसा सीलिंगपर्यंत न ठेवता स्लॅबपासून स्लॅबपर्यंत हवा, आत ऋण दाब, बाहेर जाणारी हवा हेपा फिल्टरमधून, दाराशी चिकट मॅट. संसर्ग नियंत्रणाच्या परिचारिकेला काम थांबवण्याचा अधिकार लेखी द्या. बंद राहिलेल्या पाण्याच्या लाइन पुन्हा चालू करण्याआधी भरपूर वाहू द्या. गॅसची लाइन कापून जोडली की कोणत्या तोंडातून कोणता वायू येतो याची चाचणी झाल्याशिवाय एकही रुग्ण तिथे येऊ नये. तोडफोडीच्या वेळा ओटी आणि नवजात शिशू कक्षाच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्या. मायक्रोस्कोपखालच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेला शेजारच्या गाळ्यातले ड्रिलिंग जाणवते.

प्रत्येक डॉवेल आणि रिंग काँक्रीटमध्ये झाकली जाण्याआधी टेप लावून फोटो काढून ठेवा. पुढच्या नूतनीकरणाला तेच खरे नकाशे ठरतील.

वाढीव मजला

वरच्या हिशेबात ९०० टनांचा, तळमजला धरून पाचवा, मजला घातला तर तळाचे बल सुमारे २२ टक्क्यांनी वाढते, पण वजन सर्वांत वर येत असल्याने उलथवणारे आघूर्ण साधारण ५० टक्क्यांनी वाढते. म्हणजे सगळे पाये पुन्हा. माझे उत्तर नाही असे आहे. जागा हवीच असेल तर शेजारी, स्वतःच्या पायावर, वेगळा ब्लॉक बांधा आणि शक्य असेल तर ओटी व आपत्कालीन विभाग त्यातच न्या. दोन्हींमधली फट मात्र हिशेबाने ठेवा. १४ मीटर उंचीवर प्रत्येक इमारत एक टक्का झुलली तर प्रत्येकी १४० मिमी, दोन्ही मिळून २८० मिमी. सवयीने ठेवलेली २५ किंवा ५० मिमीची फट तिथे चालत नाही. मजल्यांच्या पातळ्याही जुळवा, कारण एकीचा स्लॅब दुसरीच्या कॉलमच्या मधोमध आदळला तर कॉलम जातो. जोडपुलाचे एक टोक पक्के आणि दुसरे सरकते असावे, आणि सरकत्या टोकाची टेकण्याची रुंदी त्या २८० मिमीपेक्षा भरपूर जास्त हवी, नाही तर परतीच्या झोक्यात पूल टेकूवरून खाली येतो.